मंगळवार-गुरुवारचा रस्ता

मंगळवार, २ डिसेंबर

दुपारी कॉलेजातून फोन आला. नर्सिंगच्या संध्याकाळच्या वर्गात एक जागा रिकामी झाली आहे आणि प्रतीक्षायादीत पुढचं नाव माझं आहे. "आधीची का गेली?" मी विचारलं. "फ्लोरिडाला राहायला गेली," ती बाई म्हणाली. डिसेंबरात मिशिगनच्या या उत्तर टोकावरून फ्लोरिडाला जाणाऱ्या माणसाला कारण विचारायचं नसतं.

दोन वर्षांचा अभ्यास. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ, शिवाय काही शनिवार रुग्णालयात. शेवटी राज्याची परीक्षा. तीतून निभावले तर मी नर्स. हो की नाही ते पुढच्या शुक्रवारी, बारा तारखेला, पाचच्या आत कळवायचं. नाही म्हटलं तर जागा दुसऱ्याला, आणि संध्याकाळचा वर्ग पुन्हा निघेल तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची असेन.

वृद्धाश्रमात मी सोळा वर्षं मदतनीस आहे. अंघोळी घालणं, कपडे चढवणं, भरवणं, कूस बदलून देणं. त्याआधी गावच्या साप्ताहिकात, कोण कोणाकडे जेवायला गेलं, याचं सदर लिहीत असे. साप्ताहिक बंद पडलं. लोक मात्र एकमेकांकडे जेवायला जातच राहिले. माझी लिहिण्याची खोड या वहीत येऊन पडली.

जेवताना घरी जाहीर केलं. घर म्हणजे माझा नवरा कर्ट आणि त्याची आई. त्यांना आम्ही सगळे मुम्मू म्हणतो; इथल्या बहुतेकांसारखं हे घराणंही मूळचं फिनलंडचं, आणि फिनिश भाषेत मुम्मू म्हणजे आजी. आमची मुलगी लहान असताना पडलेलं नाव. मुलगी नोकरीसाठी दक्षिणेला गेली, नाव इथेच राहिलं.

"चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळा?" मुम्मू म्हणाल्या. "माझ्या बहिणीनं या वयात सगळे दात काढून घेतले होते. निदान त्याचा पुढे उपयोग झाला."

कर्टनं हरणाच्या रश्शात पाव बुडवला. तो काउंटीच्या रस्तेखात्यात आहे. हिवाळाभर पुढे लोखंडी फाळ लावलेला ट्रक घेऊन रस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारत असतो. त्यामुळे जगातल्या कोणत्याही गोष्टीवर विचारलं तरी तो रस्त्यावरच बोलतो.

"तळ्याकाठच्या त्या रस्त्याला अंधार पडल्यावर कोणी वाली नसतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"सहाला सुरू होतं? म्हणजे इथून पाचच्या आधी निघणार."

"हो."

"हं."

कर्टच्या 'हं'वर भाष्य लिहायला घेतलं तर दोन खंड होतील. मूळ सूत्र मात्र एकाक्षरी. तात्पर्य एवढंच, की त्याला हे पसंत नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज आश्रमातल्या आयनो लाहतींना भरवताना दोन्ही बाजूंनी विचार केला. जावं, कारण मला जायचं आहे. जाऊ नये, याची कारणं पुष्कळ आणि ती सगळी समंजस आहेत.

आयनो एक्क्याण्णव वर्षांचे. तरुणपणी लोखंडाच्या खाणीत होते. गेल्या उन्हाळ्यात झटका आला तेव्हापासून गिळणं बिघडलंय. पातळ काही दिलं की ते अन्ननलिकेऐवजी श्वासाच्या वाटेला लागतं. म्हणून त्यांच्या पाण्यात, दुधात, कॉफीत एक पूड घालून ते घट्ट करायचं, असा डॉक्टरांचा हुकूम.

"पोरी, ही कॉफी आहे की भिंतीला कागद चिकटवायची खळ?"

"कॉफी."

"मग खळ कशी असते?"

"याहून पातळ असते."

हसले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "परवा सहा तारीख. फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. माझी आई त्या दिवशी खिडकीत दोन मेणबत्त्या लावायची. खडीसाखर दातांत धरायची, कॉफी बशीत ओतायची आणि साखरेतून ओढून घ्यायची. आवाज असा व्हायचा की शेजारी समजायचे, आलं पाहिजे."

मुम्मू अजूनही तशीच पितात. मी ते म्हटल्यावर आयनोंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी राजवाड्यात राहते.

शनिवार, ६ डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी मी मुम्मूंच्या निळ्या काठाची एक बशी पिशवीत घातली. खडीसाखरही. जेवणानंतर आयनोंच्या खोलीत गेले. त्यांच्या खिडकीत दोन बॅटरीच्या मेणबत्त्या लावल्या. खऱ्या लावायला इथे बंदी आहे. मग कॉफी ओतली. पूड घातली नाही.

असं नाही की विसरले. घातली नाही.

ते अंथरुणात उशांना टेकून अर्धवट आडवे होते. साखर दातांत धरली. मी बशी ओठांशी नेली. पहिला घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि फिनिशमध्ये काहीतरी म्हणाले. मग बशी स्वतःच्या दोन्ही हातांत घेतली, आई उचलायची तशी वर उचलली, मान मागे टाकली आणि ओढली.

खोकला आला असता तर बरं झालं असतं. खोकला आला नाही. तोंड उघडं आणि आतून काहीच नाही. ओठांचा रंग गेला. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या, घंटेची दोरी ओढली. पाळीवरची नर्स नोरीन घसा साफ करायचं यंत्र ढकलतच आत आली.

"काय दि—"

"कॉफी. साधी. मी दिली."

"पूड?"

"नाही."

तिनं परत माझ्याकडे पाहिलं नाही. "बाहेर थांब."

बाहेर थांबले. दार बंद. आतून यंत्राचा आवाज. माझ्या हातात रिकामी बशी. तिला टवकासुद्धा गेला नव्हता, आणि याचाच मला फार राग आला.

ते श्वास घेताहेत. बाकी दोन-तीन दिवसांत कळेल, असं नोरीन म्हणाली. कॉफी फुप्फुसात गेली असेल तर तिथे सडते आणि न्यूमोनिया होतो. एक्क्याण्णवाव्या वर्षी न्यूमोनिया म्हणजे काय, ते सोळा वर्षांत पुष्कळ पाहिलंय.

शनिवार म्हणून संध्याकाळी साउना, म्हणजे फिनिश वाफेची न्हाणी, पेटवला होता. आधी बायका, मग पुरुष. मुम्मू वरच्या फळीवर बसल्या होत्या.

"माझी बशी कुठे गेली?"

सांगितलं. त्यांनी तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफेत आम्ही दोघी एकमेकींना दिसेनाशा झालो.

"आयनो माझ्या लग्नात नाचला होता," त्या शेवटी म्हणाल्या. "बशी बघून काय केलं त्यानं?"

"डोळे मिटले."

"हं."

हा 'हं' या घराण्यात कुठून आला, त्याचा उगम आज सापडला.

रविवार, ७ डिसेंबर

सुट्टी. दर तासाला आश्रमात फोन करावासा वाटला, दोनदा केला. ताप नाही.

कर्ट सकाळीच मला न विचारता माझी गाडी घेऊन गेला. परत आला तेव्हा चारही टायर नवे, बर्फात पकड घेणारे, खिळ्यांचे. "जुने गुळगुळीत झाले होते," म्हणाला. जुने मागच्या हिवाळ्यातही गुळगुळीतच होते. गाडी विकायची दिसते. विकण्याआधी लोक टायर बदलतात. मी वर्गाला जाणार नाही हे त्यानं परस्पर ठरवून टाकलंय.

ते आता माझंही ठरत आलं आहे. ज्या बाईला कॉफीत एक चमचा पूड घालवत नाही, तिच्या हातात कोणी इंजेक्शन द्यावं?

सोमवार, ८ डिसेंबर

आश्रमाच्या व्यवस्थापिकेनं बोलावलं. नोरीनचा लेखी अहवाल तिच्यापुढे होता. "आयनोंना काही झालं तर मला राज्याला कळवावं लागेल," ती म्हणाली. राज्याला कळलं की माझ्या मदतनिसाच्या दाखल्यावर गदा, आणि तो दाखला नसेल तर कॉलेज दारात उभं करणार नाही. म्हणजे माझी पुढची दोन वर्षं सध्या आयनोंच्या छातीत आहेत. त्यांच्या जिवापुढे स्वतःच्या जागेचा विचार मनात आला, याचीही लाज वाटली. पण आला.

नोरीननं मला जेवण भरवायच्या कामावरून काढलं. योग्यच केलं. पण नंतर तिनं मला आयनोंच्या खोलीत बोलावलं आणि स्वतःचा स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात घातला.

"ऐक."

"मी?"

"इथे दुसरं कोण आहे? ऐक."

आयनोंच्या पाठीला लावला. मला माझ्याच काळजाची धडधड ऐकू आली.

"काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"उद्या परत ये."

समजलं. मी काय करून ठेवलं ते माझ्याच कानांनी मला ऐकवायचं आहे तिला. शिक्षा देण्याची ही पद्धत सभ्य आहे, पण शिक्षाच.

मंगळवार, ९ डिसेंबर

परत शिक्षा. नोरीननं माझं मनगट धरून हात खाली सरकवला. उजवीकडे, पाठीच्या तळाशी.

"इथे का?"

"उजवी नळी जास्त सरळ उतरते. वाट चुकून आलेलं बहुधा इथंच साठतं."

"सोळा वर्षांत हे कोणी सांगितलं नाही मला."

"तू विचारलंस?"

"पोटभर ऐकून झालं असेल तर सदरा खाली करा," आयनो म्हणाले. "इथे एक माणूस गारठतोय."

आज श्वास स्वच्छ वाटला. म्हणजे मला वाटला. नोरीननं स्वतः ऐकलं आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही.

घरी आले तर कर्ट मागच्या ओसरीत मुकादमाशी फोनवर बोलत होता. "मंगळवार आणि गुरुवार," तो म्हणत होता. "हो, दुपारनंतरची. नाही, मला चालेल. कोणाला नको असते ते ठाऊक आहे मला." पहाटेची पाळी मिळवायला त्यानं वीस वर्षं घालवली. संध्याकाळची पाळी नव्या पोरांच्या गळ्यात मारतात.

"मुकादमाशी भांडलास?" मी विचारलं.

"नाही."

"मग पाळी का बदलली?"

"जरा बदल."

मी बराच विचार केला. मी वर्गाला गेले तर त्याला एकट्यानं मुम्मूंसमोर बसायचं नाही, आणि नाही गेले तर हिरमुसलेल्या माझ्यासमोर बसायचं नाही. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त झाला. पंचवीस वर्षांच्या संसारात माणूस इतका दूरदर्शी होतो.

बुधवार, १० डिसेंबर

ऐकू आलं.

उजवीकडे, तळाशी, श्वास आत घेताना अगदी शेवटी. कडाक्याच्या थंडीत कोरड्या बर्फावर कोणी दुरून पावलं टाकीत यावं तसं. मी स्टेथोस्कोप काढला, परत लावला. पावलं तिथेच.

"नोरीन."

तिनं ऐकलं. एकदा, दोनदा. मग डॉक्टरांना फोन लावायला गेली. दुपारपर्यंत ताप चढला. औषध, प्राणवायूची नळी, शिरेतून काहीतरी. त्या 'काहीतरी'चं नावही मला ठाऊक नाही. मी टॉवेल घेऊन उभी होते.

"आता बाहेर," नोरीन म्हणाली.

पुन्हा ते दार. सोळा वर्षं मी त्या दारांच्या बाहेर टॉवेल धरून उभी राहिले आहे आणि कधी वाईट वाटलं नव्हतं. आज दाराला कान लावला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मला वेड लागलं आहे असं वाटलं असेल.

शुक्रवारी फोन करून नाही म्हणायचं. ठरलं.

गुरुवार, ११ डिसेंबर

ताप उतरत नाही. आयनो मला त्यांच्या आईच्या नावानं हाक मारत होते. चर्चमधून पाद्री आले, हात धरून बसले, गेले. व्यवस्थापिका दोनदा दारात येऊन आयनोंकडे आणि एकदा माझ्याकडे बघून गेली.

घरी मुम्मूंना सांगितलं, की उद्या नाही म्हणणार आहे.

"मग लवकर म्हण," त्या म्हणाल्या. "त्या फोनवाल्या बाईला घरी जायचं असेल. पाचपर्यंत कशाला ताटकळत ठेवतेस?"

"तुम्हाला बरंच वाटेल म्हणा."

"मला? मला आणखी दोन वर्षं तुझ्या हातची मंगळवार-गुरुवारची भाजी खावी लागेल. त्यात बरं वाटण्यासारखं काय आहे?"

शुक्रवार, १२ डिसेंबर

सकाळी ताप उतरू लागला. दुपारी आयनोंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मी मेलो नाही, कारण त्या खळीचा वास येतोय."

मी औषधांच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून रडले. नोरीन तिथे गोळ्या मोजत होती. मोजणं थांबवलं नाही.

"बशी," ती अचानक म्हणाली.

"काय?"

"बशी उचलली की हनुवटी वर जाते. हनुवटी वर गेली की श्वासाची वाट सताड उघडी. तुझं चुकलं ते तिथे. आणि अर्धवट आडव्या माणसाला पाजलंस तिथे. ताठ खुर्चीत बसवून, हनुवटी छातीशी, चमच्यानं एकेक थेंब, तर कदाचित जमलं असतं."

"साधी कॉफी? कदाचित?"

"गिळण्याची तपासणी करणारी बाई असते. ती बघून सांगते."

"तिला बोलवायचं कोणी?"

"नर्सनं." तिनं गोळ्यांचा पेला उचलला. "आयनोंनी मला कधी मागितली नाही कॉफी. तुला मागितली." आणि गेली.

एवढं ठाऊक होतं तर तीन दिवस माझ्याकडून पाठ का तपासून घेतली? दुपारभर मी चिडून होते आणि न्हाणीघराच्या आरशासमोर हनुवटी वर-खाली करून पाहत होते. एका आजीबाईंनी दार उघडलं, पाहिलं आणि माफी मागून बंद केलं.

चार वाजता व्यवस्थापिका म्हणाली, प्रकरण तंबीवर मिटलं. "नोरीननं लिहिलंय, की तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तू खरं सांगितलंस, म्हणून वेळ गेला नाही." नोरीननं तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं, हे मान्य केलं पाहिजे. मला आवडत नसली तरी माणूस सरळ आहे.

पाचाला काही मिनिटं असताना गाडीत बसून कॉलेजला फोन लावला. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: आभारी आहे, परंतु घरच्या परिस्थितीमुळे. तीच बाई. "बोला, मिसेस कांगस, काय ठरलं?"

"गिळण्याचं शिकवतात का हो?" मी विचारलं.

"काय म्हणालात?"

"माणूस कसा गिळतो. हनुवटी वगैरे."

"पहिल्याच सत्रात असावं."

"मग येते," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही. घरी सांगितलं. मुम्मू म्हणाल्या, "देवा, चल, दोन वर्षं तरी तुझ्या भाजीतून सुटले." कर्टनं ताटातून मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली घातली. 'हं'सुद्धा नाही. नाराजी अगदी पराकोटीला पोचलेली दिसते.

बुधवार, २४ डिसेंबर

नाताळची पूर्वसंध्या. तपासणीवाली बाई येऊन गेली. आयनो खुर्चीत ताठ, हनुवटी खाली, जशी शाळेत शिक्षा झाली आहे. नोरीननं चमचा माझ्या हातात दिला. साधी कॉफी, पाच चमचे, प्रत्येक चमच्यानंतर थांबून. पाचही उतरले.

"बशी नाही?" आयनो म्हणाले.

"बशी नाही."

"साखर?"

"ती कॉफीत आहे."

"हा अत्याचार आहे," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

मंगळवार, १३ जानेवारी

पहिला वर्ग झाला. सविस्तर उद्या लिहीन. आत्ता तक्रार तेवढी नोंदवते.

दुपारपासून बर्फ पडत होता. पावणेपाचला निघाले. गावाबाहेर, तळ्याकाठच्या रस्त्याला लागते तोच, बाजूच्या पेट्रोलपंपावरून रस्तेखात्याचा फाळवाला ट्रक नेमका माझ्यापुढे आला. आणि मग पुढेच राहिला. सगळा रस्ताभर! पिवळा दिवा फिरतोय, बर्फ उडतोय, मागचं काही दिसत नाही, क्रमांक दिसत नाही आणि वेग बैलगाडीचा. मी वेग कमी केला तर तोही कमी करतो. मी जरा जवळ गेले तर तो जरा पुढे. ओलांडायची सोय नाही. खिळ्यांचे नवे टायर असून उपयोग काय, पुढे असं धूड असेल तर? हात चाकावर आवळून बसले होते. कॉलेजच्या फाटकाशी मी वळले, तेव्हा तो तिथेच दिवा फिरवत उभा राहिला, जणू काउंटीत दुसरा रस्ताच नाही. वर्गात वेळेवर पोचले, पण जेमतेम. वीस जणांत सर्वांत वयस्क मी, आणि कोरड्या रस्त्यावरून आल्यासारखीही मीच. बाकीचे सगळे कुठे ना कुठे खड्ड्यात घसरून आले होते.

नऊला सुटले, तर परतीलाही एक ट्रक पुढे. या खात्याला मी बरी सापडले.

कर्ट माझ्यानंतर थोड्या वेळानं घरी आला. भुवयांवर बर्फ. मी चुलीवरचा रस्सा वाढता वाढता सगळं ऐकवलं. म्हटलं, तुमच्या खात्यात असलं कोण कासव आहे, त्याला जरा समज दे.

"असतात काही तसे," तो म्हणाला.

"गुरुवारी मी पंधरा मिनिटं आधी निघणार. गाडी पुढे काढीन त्याच्या."

कर्टनं पाव बुडवला, खाल्ला, पाणी प्यायला.

"तोही आधी निघेल," तो म्हणाला.

याला काय ठाऊक, कोण कधी निघणार ते. एका खात्यातली माणसं, एकमेकांचीच बाजू घेणार.